दौंड ते कारेगाव, एका रिबिनीसाठी

कारेगावात कारखान्यातल्या एका कोरियन साहेबांची बायको मुलींना रिबिनीची जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि महिन्याभरात ती मायदेशी परतणार आहे, या दोन्ही गोष्टी मला एकाच दिवशी कळल्या. पुढच्याच रविवारी निघाले.

मी दौंडच्या शाळेत खेळ शिकवते. हा प्रकार मी फक्त टीव्हीवर पाहिलेला, आणि तेवढ्या भांडवलावर माझ्या वर्गातल्या तेजश्रीला वर्षभर शिकवत होते. आमची रिबीन म्हणजे बांबूची कामटी आणि तिला बांधलेला तेजश्रीच्या आजीच्या नऊवारीचा जरीकाठ. अकरा वर्षांची ती पोर त्या काठाशी जिवापाड झुंजायची. आता तिला जाणकार माणूस हवं होतं.

चौफुल्याला उतरले तर भांडगावहून आलेले आप्पा, म्हणजे तिचे वडील, तिला घेऊन उभेच होते.

"बाई, ती बाय हिला शिकवंल ना?"

"बघू."

"न्हाई म्हणली तर रडू नगं गं. मेंढरं वळायला बी मनगट लागतंच."

"आपल्याकडं मेंढरं हायती कुठं आप्पा? इकली की कवाच!"

न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणाऱ्या गाड्या रविवारी कमी असतात. सकाळची गाठा, नाहीतर उन्हात बसा. आप्पांनी आम्हा दोघींना सकाळच्याच गाडीत बसवून दिलं. भीमेचा पूल ओलांडला की दोन्हीकडे ऊस. शिरूरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. झणझणीत आहे, लहान मुलांना जपून द्या. तिथून सहा आसनी रिक्षाने कारेगाव. रिक्षात सगळे कामगार, बोलणं सगळं हिंदीत.

लग्न नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयात त्या कोरियन बाईंचा, मिनजीबाईंचा, वर्ग भरायचा. आत सात-आठ मुली फरशी पुसत होत्या. कोपऱ्यात मिनजीबाई स्वतः रिबिनींना इस्त्री करत होत्या. चुरगळलेली रिबीन नीट फिरत नाही, हे मला तेव्हा कळलं. आमचा काठ तेजश्रीने दप्तरात कोंबून आणला होता.

खरी रिबीन हातात येताच तेजश्रीने नेहमीच्या जोराने फिरवली. क्षणात गाठ. पुन्हा फिरवली, पुन्हा गाठ. मुली हसल्या.

मिनजीबाईंनी तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. "ये जागता है. इसको सुलाओ. सिर्फ कलाई. किसने सिखाया?"

"मी," मी म्हटलं. जड काठ उचलायला मीच तिला खांदा वापरायला लावला होता. वर्षभराची मेहनत आणि सगळी उलटी.

मग त्यांनी आमची कामटी मागितली. काठ बोटांवर तोलला आणि फिरवू लागल्या. तो जड काठ हवेत सावकाश, गोल गोल उलगडत गेला. जरी चमकत होती. अर्ध्यातच त्या थांबल्या, कमरेवर हात.

नंतर पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. दहाव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात. एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात निवड झाली आणि जायच्या आधीच कंबर गेली. मग शिक्षिका, मग लग्न, मग कारेगाव. "लडकी सीखता है, मैं देखता है," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. स्वतः किती वर्षांनी फिरवली, ते मी विचारलं नाही.

"एक महीना है," त्या तेजश्रीला म्हणाल्या. "कम है."

"चलेगा, मॅडम."

त्यानंतर चार रविवार आम्ही त्याच रस्त्याने गेलो. शेवटच्या दिवशी मिनजीबाईंनी आपली रिबीन आणि काठी तेजश्रीला दिली आणि बदल्यात आजीचा काठ मागून घेतला.

आता त्या त्यांच्या देशात आहेत. इथे दौंडला शनिवारी शाळा सुटली की शाळेचा हॉल आम्हीच पुसतो. मी रिबिनीला इस्त्री करते. शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं, म्हणून रोज थोडी फिरवूनही बघते. परवा मन लावून फिरवत होते. गाठ बसली. मागे तेजश्री कधीची उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा खांदा अजून जागाच हाय."