चिमणीची कवळी

बाई दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायच्या. एकतीस वर्षं. नवरा गेला, आणि पाचव्या दिवशी त्या कामावर हजर. "रडून घ्या हो जरा," शेजारीण म्हणाली. रडू येतच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार?

चर्चच्या मंडळीच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाला दोघांची नावं आधीच दिलेली होती. "तुम्ही तरी या," पाळक म्हणाले. त्या गेल्या. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. नोंदणीच्या टेबलावर दोन बिल्ले मिळाले. "साहेब मागून येताहेत?" "नाही," म्हणून त्यांनी दुसरा पर्समध्ये टाकला.

सभागृहात चाळीस देशांची माणसं. कानातल्या यंत्रातून प्रवचनाचं भाषांतर येत होतं. शब्द कळत होते, आत काही उतरत नव्हतं.

जेवणाच्या रांगेत कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. "ओळखलंस?" बायबल शाळेच्या वसतिगृहात त्यांच्याच खोलीत राहणारी चिमणी. पस्तीस वर्षांनी भेटत होती, आणि तोंडावर हात धरून बोलत होती. ताटात नुसतं सूप.

"पोट बरं नाही का गं?"

"पोट ठणठणीत आहे. कवळी टोचते."

"चल खोलीवर. काढ बघू."

हिरडीवर लाल वळ होता. पर्समध्ये नखं घासायची कानस होती. खिडकीशी बसून त्या कवळीची कड हळूहळू घासू लागल्या.

"भावोजी कुठायत?" चिमणीने बोळक्या तोंडाने विचारलं.

"गेले. मार्चमध्ये. मी चहा ठेवला, वळून बघते तर खुर्चीत मान टाकलेली."

"मग?"

"मग गॅस बंद केला."

चिमणी रडायला लागली. "तू रड," त्या म्हणाल्या, "तोवर मी हे संपवते."

रात्रीच्या जेवणाला चिमणीने पाव चावून खाल्ला. शेवटच्या दिवशी दोघी शेजारी उभ्या राहून गायल्या. बाईंना गाण्यातला खालचा सूर अजून पाठ होता. आवाज नीट लागला, एवढंच.

"आठ दिवस येऊ का तुझ्याकडे?" निघताना चिमणीने विचारलं.

"ये."

पुढच्या महिन्यात ती खरंच आली. दोघींनी मिळून कपाटातले नवऱ्याचे शर्ट घड्या घालून पिशव्यांत भरले. एकाचं बटण तुटलं होतं, ते त्यांनी शिवून टाकलं. रडू तेव्हाही आलं नाही. पण चिमणी गेली त्या सकाळी त्या बराच वेळ पलंगावर बसून राहिल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा दवाखान्यात उशिरा पोचल्या.