सवलत दिलेला लॅपटॉप

उत्कर्षाचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहूनच निवृत्त झाले. मुलीला बसून करायची नोकरी मिळाली याचंच त्यांना अप्रूप. ती नेमकं काय करते, हे त्यांनी कधी खोलात विचारलं नाही. चिंचवडच्या एका ऑफिसातून ती चाकणच्या कारखान्यांच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायची. कुणी परका आत शिरतोय असं वाटलं की पडद्यावर अलर्ट यायचा. परका कुणाला समजायचं, याचे नियम ठरलेले असत. ते नियम तपासून खोटे अलर्ट कमी करणं हे तिचं काम.

सगळ्यात छळायचा तो एका प्रेस शॉपचा नियम. मोटारीचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसच्या कॉम्प्युटरला बाहेरून कुणीही जोडलं गेलं की अलर्ट. मग तिने फोन करायचा, कारखान्याने ती जोडणी तोडायची, लाइन थांबवायची. आणि दरवेळी निघायचा प्रेस बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, आपल्या लॅपटॉपवरून दुरुस्ती करत बसलेला.

"मॅडम, तुमचा फोन आला की नको वाटतं बघा," तिथले मेंटेनन्सचे ज्योतीराम म्हणायचे. कुरुळीतल्या जुन्या शेतकरी घरातला माणूस. "लाइन बंद पडती, वरनं शिव्या आमी खायच्या. अन् चोर तर कवा घावत न्हाई."

त्याच लाइनवर तिचा मावसभाऊ विक्की कंत्राटावर होता. कुरुळीत खोली घेऊन राहायचा, रविवारी उत्कर्षाच्या घरी जेवायला यायचा.

"ताई, लाइन थांबली की तेवढा माल आमच्या जेवणाच्या सुट्टीतून काढून घेतात. बंद करून टाक ना ते तुझं खूळ."

नियम सरसकट बंद करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती चाकणला गेली, ज्योतीरामांना शेजारी बसवून मागचा एकेक अलर्ट तपासला. प्रत्येक वेळी खरोखरच दुरुस्ती चाललेली होती. मग तिने नियम बदलला: त्या इंजिनिअरच्या लॅपटॉपला सवलत, बाकी कुणीही आलं तर अलर्ट. बदललेला नियम मागच्या सगळ्या माहितीवर चालवून पाहिला. अलर्ट जवळजवळ संपले.

तरी तिचं मन भरेना. ती तिच्या वरिष्ठ मिनलकडे गेली.

"खोटे किती कमी झाले ते कळलं. पण एवढ्या काळात खरा चोर आलाच नव्हता. कुणी तोच लॅपटॉप ताब्यात घेऊन आत आला तर? आपणच एकदा लुटुपुटीचा हल्ला करून बघूया."

"क्लायंट वैतागलाय, उत्कर्षा. आधी लागू कर. हल्ला नंतर करू."

तिने नियम लागू केला. ज्योतीरामांनी पेढे पाठवले. तिच्यापुढे दुसऱ्या कारखान्याचं काम आलं आणि हल्ल्याची चाचणी राहून गेली.

संक्रांतीनंतर एका दुपारी ज्योतीरामांचा फोन आला. "मॅडम, समदे स्क्रीन काळे पडल्यात. इंग्रजीत कायतरी धमकी लिवलीय."

तिने आपला पडदा पाहिला. तिथे काहीच नव्हतं. त्या इंजिनिअरचा लॅपटॉप कुणीतरी ताब्यात घेतला होता आणि त्याच वाटेने चोर कित्येक दिवस येत-जात होते. यंत्रणेने त्यांना पाहिलं होतं. गप्प राहायला तिला उत्कर्षानेच सांगितलं होतं.

चोरांनी खंडणीसाठी सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते; कारखाना काही आठवडे बंद राहिला. कायम कामगारांना घरबसल्या पगार मिळाला. कंत्राटवाल्यांना, बोलावू तेव्हा या, असं सांगितलं. विक्की थांबला नाही. एका लहान वर्कशॉपमध्ये जुन्या पॉवर प्रेसवर लागला. काम भरभर उरकावं म्हणून मालकाने तिथली हात वाचवणारी जाळी काढून ठेवली होती. विक्कीच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली.

दवाखान्यात त्याच्या उशाशी त्याची आई, अंबुबाई, बसली होती. उत्कर्षा उभीच राहिली. सगळं तिने उभ्यानेच सांगितलं, पहिल्यापासून.

"म्हणजे तो अलार्म वाजला असता?" विक्कीने विचारलं.

"हो."

"अन् वाजला असता तर कारखाना बंद पडला नसता."

"बहुतेक नसता पडला."

अंबुबाई मध्ये पडली. "अरे, तूच नव्हतास का तिच्या मागे लागला, बंद कर म्हणून?"

"मी पत्रे दाबतो, आई. मला काय कळतं त्यातलं? कळत तिला होतं." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑफिसच्या अहवालात 'नियमातील त्रुटी' एवढंच आलं. मीटिंगमध्ये उत्कर्षा म्हणाली, "नियम मी बदलला. आणि चाचणी आपण टाळली." आठवड्याभराने मिनलनेच फर्मान काढलं: यापुढे लुटुपुटीचा हल्ला करून पाहिल्याशिवाय एकही नियम सैल करायचा नाही, आणि आधी सैल केलेले सगळे पुन्हा तपासायचे.

चोर व्हायचं काम प्रीतम नावाच्या सहकाऱ्याकडे आलं. उत्कर्षाने दिलेल्या सवलतींमधून तो एकामागून एक कारखान्यात शिरला. काही ठिकाणी अलर्ट वाजला, काही ठिकाणी नाही. न वाजलेल्या सवलती तिने तिथल्या तिथे काढून टाकल्या. कारखान्यांचे तक्रारीचे फोन पुन्हा सुरू झाले. तिने ते घेतले.

नोकरी सोडायचं तिच्या मनात येऊन गेलं. पण कुठे काय सैल केलंय, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ती जात राहिली.

विक्कीने तिचे फोन घेणं बंद केलं होतं. चौदा एप्रिलला मात्र तो अंबुबाईबरोबर त्यांच्या घरी आला. निळा शर्ट, उजवा हात खिशात. पंगत बसली. तो डाव्या हाताने जेवत होता, सावकाश, शितं सांडत. उत्कर्षा वाढत त्याच्यापर्यंत आली आणि डाव घेऊन थांबली. त्याने ताटावर डावा हात आडवा धरला, वर न बघता. ती पुढच्या ताटाकडे सरकली.