रिव्हर्सला लावलेलं प्रेमगीत

गाण्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही वाचायचं सोडून गुणगुणत बसाल. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यातल्या सिनेमातलं प्रेमगीत, अजूनही हळदीला वाजतं. काशीगावात जुनी गाडी घेतली तेव्हा मेकॅनिकने विचारलं, "रिव्हर्स में कौनसी धुन लगाऊं?" सभ्य माणसं आरती लावतात. मी हे लावलं.

मग रोज सकाळी गोडदेवातल्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमधून मी मागे जाताना भोंग्यातून नुसतं प्रेम ओसंडायचं. बायको म्हणायची, "लोकांना वाटेल, हा माणूस कुणाला तरी इशारे करतोय." मी वर शीळ घालून साथ द्यायचो. आरशात बघायचं राहून जायचं.

एका सकाळी मागची काच धाडकन वाजली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. उतरून पाहतो तर तळमजल्यावरच्या काकू! ऐंशी उलटलेल्या. ठेवणीतली साडी, तोंडाला पावडर, हातात पर्स. गाडी आणि त्यांच्यात वीतभर अंतर. काच त्यांनीच हाताने वाजवली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"अहो, किती वेळ!" त्या माझ्यावर डाफरल्या. "सिनेमा सुरू होईल."

मला अहो! वॉचमनच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

काका धावत आले, बनियनवर, एकाच पायात चप्पल. काकू घाबरून माझ्या पाठीमागे सरकल्या आणि म्हणाल्या, "हे कोण?"

हे कोण! जन्माचा जोडीदार समोर उभा, आणि ती बाई माझा शर्ट धरून!

काकूंना घरात बसवून काका बाहेर आले. "विसरायला लागलीय ती. वर्षभर मला ओळखत नाही. लग्न ठरल्यावर पहिला सिनेमा आम्ही पाहिला तो याच गाण्याचा. मग मी गल्लीच्या तोंडाशी हे गाणं शिटीवर वाजवायचो, की ही खाली यायची."

मी हात जोडले. "काका, आजच काढून टाकतो."

"अरे, काढू नकोस!" त्यांनी माझं मनगटच धरलं. "आज स्वतःहून साडी नेसली रे ती. फक्त गाडी हलवू नकोस."

मेकॅनिककडून धून रिव्हर्समधून काढून वेगळ्या बटणावर घेतली. त्याने माझ्याकडे डॉक्टरसारखं पाहिलं. वॉचमन तर म्हणालाच, "साहब, आपकी गाडी चलती है तो चूप, खडी रहती है तो गाती है. किसी को दिखाओ."

दुसऱ्या सकाळी इंजिन बंद, हँडब्रेक वर, आणि मी स्टीअरिंगखाली वाकलेलो, पुन्हा मलाच अहो नको म्हणून. काका डिकीपाशी, इस्त्रीच्या शर्टात. मी बटण दाबलं. दार उघडलं. पावलं आली आणि थांबली. धून संपत आली. आता 'हे कोण' आलं की मी काय तोंड दाखवणार होतो काकांना?

"अहो," काकू म्हणाल्या. "केस कुठे गेले तुमचे?"

आरशात डोकावलो तर काकांचा हात टकलावर.

धून थांबायच्या आत मी पुन्हा बटण दाबलं.