सुतकात आलेले वकीलसाहेब

वसंतराव वकीलसाहेबांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या आदिलाबादच्या कार्यालयात झाली. तामसीला आमच्या शेतात जाणारी जुनी गाडीवाट शेजाऱ्यांनी अडवली होती. त्याचा दावा साहेब चालवत होते. त्या वाटेने उभा जन्म बैलगाडी हाकलेल्या गणपतकाकांची साक्ष घ्यायला न्यायालयाने नकार दिला, म्हणून माझे यजमान चिडले होते.

"साहेब, अपील ठोकून द्या ना. काऊन थांबून राह्यले?"

"मारोतराव, दावा अजून चालू आहे. असल्या मधल्या आदेशावर अपील होत नाही. निकाल विरुद्ध गेला, तर त्या अपिलात हाही मुद्दा घेऊ."

"म्हंजे आधी हारायचं?"

"आधी संपू द्यायचं," साहेब हसून म्हणाले.

मी शाळेत शिकवते, पण अपील केव्हा होते हे मला त्या दिवशी प्रथम कळले. जिथे अपील नाही, तिथे साहेब स्पष्ट नाही म्हणतात. बाजारहत्नूरचे एक गृहस्थ स्वखुशीने तडजोड करून पुन्हा भांडायला आले होते. "तडजोडीच्या निकालावर अपील नसते," असे सांगून साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवले. फी घेतली नाही.

आमचा निकाल विरुद्ध गेला. साहेबांनी त्याच दिवशी निकालाच्या नकलेसाठी अर्ज दिला. ती त्यांची नेहमीची रीत आहे. त्यानंतर काही दिवसांतच यजमान हृदयविकाराने गेले. शेतातल्या मोहाच्या झाडाखाली आपल्याला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. वाट बंद असल्यामुळे गावच्या स्मशानात नेले. मूठभर राख मी जपून ठेवली.

तेरवी व्हायच्या आधीच साहेब बसने तामसीला आले आणि ओसरीवर बसले. आमच्याकडे सुतकात कोणी कचेरीचे काम काढत नाही. मीही तेच धरून बसले होते. यजमानांच्या आत्याबाई रागावल्या.

"वकीलसाहेब, पोरीचे डोळे सुकले नाही अजून. तेरवीनंतर या."

"आत्याबाई, नक्कल तयार झाली. तोवरचे दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण आता मुदत चालू आहे, आणि ती सुतक पाळत नाही. चुकली तर उशिराची माफी मागावी लागेल. न्यायालय देईलच असे नाही. वारस म्हणून यांना अपील करता येते." मग ते थांबून म्हणाले, "आधी मला पाणी द्या."

सुतकाच्या घरचे पाणी साहेब सर्वांसमोर प्यायले. आत्याबाईंनी रिकामा पेला उचलला. मग मला म्हणाल्या, "कर बाई सही. त्याच्याच वाटेचं हाये."

अपिलात साक्षीचा मुद्दा मान्य झाला. गणपतकाकांना साक्षीला बोलावले गेले आणि वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. मोकळ्या झालेल्या वाटेने आम्ही पहिल्यांदा राख घेऊन गेलो. साहेब सोबत होते. मी म्हटले, "साहेब, यांनी तेव्हा अपिलाची घाई केली होती." साहेब म्हणाले, "घाई नव्हती ती. त्यांना शेत दिसत होतं."

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे दुखतात, तरी दरवर्षी यजमानांच्या स्मृतिदिनी ते येतात आणि मोहापर्यंत चालत जातात. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्या वाटेवर मला पुष्कळ वर्षे त्यांच्या मागून चालायला मिळो.