सहाशे दहा बायांची यादी

अमरावतीला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि दात वाजत होते. विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात घेऊन पुण्याहून निघालेल्या माझ्याकडे शालसुद्धा नव्हती. स्टेशनबाहेर चहावाल्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, पहिल्यांदाच आल्या काय?" मी हो म्हटलं, तेव्हा त्याने न सांगता चहात आलं जास्त टाकलं. वऱ्हाडात माणसं बोलायला रोखठोक आहेत असं ऐकून होते, पण त्यांचं लक्ष किती बारीक असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका कॉलेजात बायकांच्या मताधिकारावर प्रदर्शन भरलं होतं आणि माझं व्याख्यान होतं. तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर हा विषय मला झोपेतही बोलता येतो, आणि काही श्रोत्यांना तो झोपेतही ऐकता येतो. सुरुवातीला मत फक्त जमीनजुमला किंवा शिक्षण असलेल्या मोजक्या बायकांना होतं, मग स्वातंत्र्यानंतर सरसकट सगळ्यांना मिळालं, हे सगळं मी सांगितलं. पहिल्या मतदार याद्या करताना कितीतरी बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय' एवढंच लिहून घ्यायला लावलं आणि त्यामुळे त्या यादीतून गळल्या, हेही सांगितलं. इथे नेहमी हशा होतो. तो तिथेही झाला.

व्याख्यान संपल्यावर एक बाई थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चाळिशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची, खांद्याला मोठी रेक्झिनची पिशवी. ही वनिताबाई. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आशा सेविका. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

"मॅडम, बायायले मत कसं भेटलं ते तुमी सांगतलं," ती म्हणाली. "आमच्या गावात परवा मतदान हाय. निस्तं बायायचं. पाहाले येता काय?"

बायकांचंच मतदान म्हणजे दारूच्या दुकानाचं. गावातल्या बायकांनी रीतसर अर्ज केला, तर दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर सरकार त्यांचं गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. त्यातली मेख मात्र वनिताबाईने सांगितली. आडवी बाटली जिंकायला, मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण बायांच्या अर्ध्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी बसून राहिली, परगावी गेली, किंवा मेली आणि नाव तसंच राहिलं, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच खात्यात.

"सहाशे दहा नावं हायत. तीनशे सहा पाह्यजे," ती म्हणाली. "उद्या अकोल्याले जाऊन एकीले आणतो. तुमी चालता?"

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. मी ते रद्द केलं.

अमरावती ते अकोला एसटीचा प्रवास. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उभी तूर, वेचणीला आलेली कपाशी आणि वेचणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या पाठी. मूर्तिजापूरला बस थांबली तशी मी संत्री घेतली, आणि पुढच्याच गचक्याला पिशवी फाटून ती सगळ्या बसभर पळाली. प्रवाशांनी एकेक उचलून माझ्याकडे पोचवलं. शेवटचं एक संत्रं ड्रायव्हरच्या पायाशी सापडलं, ते त्याने ठेवून घेतलं. 

अकोल्यात मोर्णा ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो. अरुंद गल्ल्या, भांड्यांची दुकानं, मधेच भाजीच्या गाड्या. अशाच एका गल्लीत कांताआजी मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं गावातलं घर आणि यादीतलं नाव दोन्ही शाबूत होतं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे पार गेलेले. सून काळजीने म्हणाली, "एका शिक्क्यासाठी कायले हाल करता त्याहीचे? दोन पायऱ्या चढता येत नाईत."

आजी कॉटवर सांभार (कोथिंबीर) निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "माह्या मायचं नाव पयल्या यादीत नोतं. साहेब आला नाव पुसाले, त हे पदर घेऊन घरात पळाली. मंग मतदानाच्या दिवशी झाडाखाली बसून दुसऱ्या बाया जातांनी पाह्यल्या. मरेपर्यंत म्हणे, काहून पळाली म्या?" मग सुनेकडे बघून, "तू चिंता नोको करू. मी कुठी पळून नाई राहिली. जाऊन राहिली."

आदल्या दिवशीचा तो हशा माझ्या कानात आला आणि मला लाज वाटली. ज्या बाईची गोष्ट सांगून मी वर्षानुवर्षं हशा मिळवत होते, तिची मुलगी समोर बसून कोथिंबीर निवडत होती.

सुनेने शेवटी आमच्याबरोबर सांभारवडीचा डबा दिला. आजींना दोघींनी धरून जीपमध्ये बसवलं. संध्याकाळी गावात पोचलो. वनिताबाईचं घर पक्कं, दोन खोल्यांचं, दारावर पंचशीलाचा झेंडा. तिने लगेच चहा ठेवला. पहिला घोट घेतला आणि मी दचकले. चहा खारट होता. बिचारीने घाईत साखरेऐवजी मीठ टाकलं असणार. पाहुणीने बोलू नये म्हणून मी तो औषधासारखा गिळला आणि वर "छान झालाय" असंही म्हटलं. वनिताबाई हसत सुटली. "मॅडम, हा खारपाणपट्टा हाय. आमचं पाणीच खारं. छान कायचा?" कांताआजींना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला.

जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी होती. शेजारची सविता तोपर्यंत आली. ही माळ्याची सून, भाजी विकते. दोघी मिळून यादी घेऊन बसल्या. सविता नाव वाचायची, वनिताबाई बोटाने खूण दाखवायची. बरोबरची खूण म्हणजे येणार, टिंब म्हणजे नक्की नाही. दुकानदाराने मतदानाच्या दिवशीच बायकांसाठी देवदर्शनाच्या फुकट जीपा ठेवल्या होत्या, त्यावर सविताने अशी काही शिवी हासडली की ती इथे छापता येणार नाही. मेलेल्या बायांची नावं यादीतून कमी करून घेण्याचं काम वनिताबाईने गेल्या वर्षभरात केलं होतं. घरोघर फॉर्म नेऊन, नातेवाइकांची सही घेऊन, दाखला जोडून. कुणाची सासू, कुणाची बहीण. चौदा नावं तिने अशी काढली होती.

सविता गेल्यावर मी यादी चाळत बसले. वनिताबाईच्याच घर क्रमांकावर दोन नावं होती. वनिता, आणि खाली वैशाली. वैशालीपुढे काहीच खूण नव्हती.

"ही कुठे असते? उद्या येईल ना?" मी विचारलं.

वनिताबाई ताट घासत होती. "माही पोट्टी," ती म्हणाली. "नाई हाय ते आता. तीन वर्सं झाली."

कॉलेजातून सायकलने परत येताना, दुकानासमोरच, पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने उडवलं. एवढंच तिने सांगितलं. मी शाळामास्तरीण ती शाळामास्तरीणच, तोंडून निघून गेलं, "अहो, पण मग ते नाव काढायला हवं होतं. मोजतात ना ते."

"मले मालूम हाय, मॅडम." तिने ताट पालथं घातलं. "साऱ्यायच्या घरी मीच फारम घेऊन गेल्ती. माह्याच घरी नाई गेली. एकडाव मत टाकलं तिनं. माह्यासंगंच रांगेत उभी होती. दुसरीकडे कुठी तिचं नाव नाई रायलं आता. कॉलेजातून गेलं, रेशनातून गेलं. या एका यादीत हाय."

मी यादी मिटून बाजूला ठेवली. 

सकाळी शाळेत मतदान सुरू झालं. अधिकारी, पोलीस, पडदा लावलेला कोपरा, सगळं खऱ्या निवडणुकीसारखं, फक्त रांगेत एकही पुरुष नाही. पुरुष समोरच्या पारावर बसून बघत होते. एरवी चौकातून खाली मान घालून जाणाऱ्या बायका तिथे मोठमोठ्याने बोलत होत्या. कापूस वेचायला निघालेल्या आधी येऊन गेल्या. एकीने लेकरू दुसरीच्या कडेवर दिलं आणि आत जाऊन आली. कांताआजींना आम्ही खुर्चीसकट पायऱ्या चढवलं. अधिकाऱ्याने नाव विचारलं, तेव्हा आजींनी स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं खणखणीत सांगितलं की पारावरच्या माणसांनीही माना वळवल्या.

देवदर्शनाची एक जीप रिकामीच उभी राहिली. दुसरी भरून गेली, आणि मतदान बंद होईपर्यंत परतली नाही. शेवटच्या तासात सविता आणि वनिताबाई दारोदार पळत होत्या. एका घराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून बाईचा आवाज येत होता. कुलूप कुणी लावलं ते विचारायची गरज नव्हती.

मोजणी तिथेच, उजेड होता तोवर झाली. उभ्या बाटलीला नऊ. आडव्या बाटलीला तीनशे पाच. अधिकाऱ्याने दोनदा मोजलं. मग चष्मा काढून, डोळे न उचलता सांगितलं की हे बरोबर निम्मे होतात, निम्म्याहून जास्त होत नाहीत, म्हणून दुकान बंद करता येणार नाही. माणूस वाईट नव्हता. 

आधी कुणाला कळलंच नाही. तीनशे पाच विरुद्ध नऊ, आणि हरलो? मग एकदम गलका झाला. जीपवाल्या बायांचा उद्धार झाला, कुलूपवाल्या नवऱ्याचा झाला. "एकच व माय, एकच!" सविता कपाळावर हात मारून म्हणत होती. वनिताबाई पायरीवर उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"जीपवाल्यायले नोका बोलू," ती म्हणाली. "माह्या वैशालीचं नाव म्या काढलं नोतं. ते यादीत हाय."

गलका थांबला. मला वाटलं आता कुणीतरी तिला जवळ घेईल. घेतलं नाही. एक तरणी बाई, जिच्या ओठाखाली ताजा टाका दिसत होता, ती पुढे आली आणि म्हणाली, "माह्या सासूचं नाव काढाले तूच आल्ती ना, वनिता? मले म्हणे, मेलेल्या माणसाले धरून बसू नोको." आणि ती रडत निघून गेली. वनिताबाई तशीच उभी राहिली. 

हळूहळू बायका पांगल्या. कांताआजी खुर्चीतच होत्या. त्यांनी वनिताबाईला जवळ बोलावलं. "रडू नोको," त्या म्हणाल्या. "उद्या जाय अन् काढून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी दर्यापूरच्या तहसील कचेरीत गेलो. वनिताबाईने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तुमीच लिहा. माहा हात नाई चालून राहिला." मी लिहीत गेले. वैशालीचं नाव, वय, घर क्रमांक. अर्जदाराशी नातं. कारणाच्या रकान्याशी माझाही हात थांबला, पण लिहिलं. तिने सही केली. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "मृत्यूचा दाखला आणला का? नसेल तर ग्रामपंचायतीतून काढून आणा."

वनिताबाईने पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला दाखला काढून दिला. घड्यांवर तो झिजला होता. चौदा घरी फॉर्म घेऊन ही बाई जी पिशवी खांद्याला लावून गेली, तिच्यातच तो सगळा वेळ होता. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता पुन्हा अर्ज कराले थांबा लागन. मंग साऱ्या सह्या नव्यानं घ्या लागन. काल रडत गेली त्या पोरीच्या घरी पयले जातो." मग मला अकोल्याची बस दाखवून ती उलट्या दिशेच्या जीपमध्ये चढली. तिची त्या दिवशी लसीकरणाची ड्युटी होती.

अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघून पुण्याला आले. मैत्रिणींनी विचारलं, संत्री आणलीस का, कॉलेजात पाहुणचार झाला का. दोन्हीला हो म्हटलं. मत मिळणं म्हणजे काय हे मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. ते मिळाल्यावर एखाद्या बाईला त्यासाठी काय काय हातातून सोडावं लागतं, हे मात्र मी त्या खिडकीपाशी पहिल्यांदा पाहिलं. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तिच्यासाठी वाईटही वाटतं. दोन्ही एकदमच होतं.

गेल्या आठवड्यात वनिताबाईचा फोन आला. नाव निघालं. यादीत आता सहाशे नऊ बाया आहेत. दुकान बंद व्हायला तीनशे पाच मतं पुरतील.

तेवढी त्या दिवशी पडली होती.