पाण्याचा तह

समुद्र मी पाहिलेला नव्हता. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं पाहिलेला नव्हता. ज्यांनी मला तो शिकवायला नेमलं त्यांनीही पाहिला असेल असं वाटत नाही, कारण आमच्या निजामी राज्याला चारी बाजूंनी जमीनच होती. तरी भूगोलाच्या पुस्तकात समुद्रावर अख्खा धडा होता, आणि तो उर्दूत होता. पोरं मराठी, मास्तर मराठी, गाव औंढ्याच्या अलीकडचं, आणि वरच्या वर्गांची भाषा उर्दू. कुणालाच काही समजू नये याची इतकी चोख तजवीज मी पुढं कुठं पाहिली नाही.

मी हंगामी मास्तर होतो. लग्न झालं होतं, पण बायको जवळा बाजारला माहेरी होती. सासऱ्यांनी मांडवातच सांगून टाकलं होतं, "जावईबापू, नोकरी कायम झाली की लेक नांदाय धाडतो. तंवर तुमी बी हंगामीच की." मी मान डोलावली. मांडवात नवरदेवाला दुसरं काही करता येत नाही. तेव्हापासून ते मला पाण्यात पाहत आणि मी त्यांना बाजाराच्या दिवशी पाहत असे. त्या दिवशी सासूबाईंच्या देखरेखीखाली, बांगड्यांच्या पालाशेजारी उभं राहून, मला माझ्या बायकोशी बोलायची मुभा होती. बाकीचे दिवस मी एकटा भाकरी करपवत असे. मला ती घरात हवी होती, फार हवी होती, आणि त्यासाठी तपासणीच्या साहेबांचा एक चांगला शेरा पुरे होता.

तर तो धडा. उष्ण पट्ट्याच्या जरा वरच्या समुद्रांत हिवाळ्यात गार, कोरडे वारे सुटतात. वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बसतं. खालचं वर येतं. असं होत होत खोलवर सगळं पाणी एकसारखं होऊन जातं. मग उन्हाळा येतो, वर कोमट पाण्याचं झाकण बसतं, आणि हिवाळ्यात एकजीव झालेलं ते पाणी खाली तसंच राहतं. वर काय चाललंय याची त्याला दाद नसते. थंडी कडक पडली तर त्याची जाडी वाढते, थंडी नुसती दाखवण्यापुरती आली तर कमी होते. पुस्तकात याच्या चारच ओळी होत्या. बाकीचं मी म्हातारपणी, चष्मा लावून, हौसेनं वाचलं.

या थरांना उर्दूत 'तह' म्हणतात. आमच्या पोरांना तह एकच ठाऊक होता, भांडण मिटवल्यावर होतो तो. समंदर के पानी की तहें म्हटल्याबरोबर वर्गानं समजून घेतलं की समुद्रात पाण्यापाण्यांचं वैर असतं आणि मधूनमधून ती तह करतात. मी खोडायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा तांड्यावरचा एक दांडगा पोरगा उठून म्हणाला, "गुर्जी, आमच्या हिरीत बी तसंच हाय की. चैतात उडी मारली की छातीपस्तोर ऊन पानी, पायाला गार. दोघं आपापल्या जागी गप. थंडीत मारली की वर-खाली सारं येकच. तह मोडला म्हना."

मी तोंड मिटलं. चार ओळींचा धडा एवढा सरळ मला स्वतःलाही सांगता आला नसता. शिवाय सगळ्या वर्गाला समजला होता, आणि असा प्रसंग आमच्या शाळेत वारंवार येत नसे. पुढच्या बाजारी मी हे बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की सासूबाईंनी बांगड्यांचा भाव करणं सोडून आमच्याकडं पाहिलं.

हिवाळ्यात साहेब आले. हैदराबाद आणि दिल्ली यांच्यात तेव्हा नुकताच करार झाला होता आणि तो किती टिकतो यावर पारावर पैजा लागत होत्या. साहेब शेरवानीतले, तसे भले गृहस्थ. बरोबर एक कारकून, आमच्याच मुलखातला, डोक्यावर लाल तुर्की टोपी. साहेबांनी नेमका समुद्र विचारला. मी मनात बायकोची ट्रंक बैलगाडीत चढवली.

दांडगा उठला आणि त्याला येत होत्या तेवढ्या उर्दूत म्हणाला, "साब, गर्मी में उप्पर का पानी और नीचे का पानी तह करते. उप्परवाला उप्पर बैठता, नीचेवाला चुप बैठता. सर्दी आई की तह टूट जाता. फिर उप्परवाला सीधा नीचे जाता."

साहेब गोंधळले, पण हसत होते. तेवढ्यात कारकून अदबीनं वाकला. "हुजूर, मराठी में तह बोले तो मुआहिदा."

मुआहिदा म्हणजे करार, आणि नकाशात दिल्ली हैदराबादच्या वर. साहेबांचं हसू मावळलं. "ये ऊपरवाला कौन है?"

"पानी, साब," पोरगा म्हणाला. त्याचा चेहरा निरागस होता, आणि निरागस चेहऱ्याइतकं संशयास्पद त्या दिवसांत काहीच नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, हे तुम्ही शिकवलंत? उत्तर बरोबर होतं, मग मी हो म्हणालो. शेरा पडला की हा मास्तर भूगोलाच्या नावाखाली राजकारण शिकवतो. सासरे म्हणाले, "पान्यात बी राजकारन? धन्य हाय तुमची." बायको त्या बाजारी हसली नाही. तिनं नुसतं विचारलं, "आता पुन्हा कवा येतेत साहेब?"

सप्टेंबरात राजवटच गेली. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले. आता मराठीत शिकवायचं, असं सांगण्यात आलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'थर' लिहिलं आणि पोरांकडून घोकून घेतलं. थर, थर, थर. हिवाळा लागताच नवे साहेब आले. खादीचे, शुद्ध मराठी बोलणारे, माझ्याकडं आपुलकीनं पाहणारे. जुन्या साहेबानं राजकारणी ठरवलेला मास्तर, म्हणजे आपलाच माणूस! माझं कायम होणं आता नक्की होतं. आणि त्यांच्या मागं तोच कारकून उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी.

साहेबांनी समुद्र विचारला. दांडगा उठला. 'थर' त्याच्या ओठांवर आला होता, मी शपथेवर सांगतो. पण साहेब पाहून गडी बावरला आणि पाठ झालेलं तेच बोलून गेला, "साहेब, पान्याचा तह असतो."

"तह? पाण्याचा?" साहेबांनी भुवया उंचावल्या.

कारकून अदबीनं वाकला. वाकण्यात तसूभर फरक नव्हता. "साहेब, तह म्हणजे उर्दूत थर. जुनं वळण आहे हो, जात नाही लवकर."

या खेपेचा शेरा असा, की शिक्षकाच्या मनातून अद्याप जुनी राजवट गेलेली नाही. मी एकाच पाण्यापायी दोन्ही राज्यांचा शत्रू ठरलो. कारकून मात्र कायम होता. वर शेरवानी येवो की खादी, खाली हा आपला एकसारखा, निवांत, त्याच जाडीचा. त्यानंतर समुद्राच्या पोटातलं ते पाणी कसं असेल हे मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

बाजारच्या दिवशी जवळ्याला गेलो तेव्हा पाय उचलत नव्हते. वाटेत मी कायम होण्यावर पाणी सोडलं होतं, पण तिच्यावर सोडवत नव्हतं. ती पालाशेजारी उभी होती. माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे न्हाईच झाली."

"न्हाई," मी म्हणालो. सगळं सांगितलं. सांगताना माझे डोळे भरले. भर बाजारात भरले, लपवायला जागा नव्हती. "तुज्या बाबांचा आन माजा शब्द झालेला हाय. आता मी काय करू?"

खाली ठेवलेली पिशवी तिनं काखेला मारली. "तह तुमचा आन बाबाचा व्हता," ती म्हणाली. "मला कुनी इचारलं व्हतं? चला."

मी जागचा हललो नाही. सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या हातातच राहिल्या. "अगं कुठं निगालीस?" त्या ओरडल्या. "तुज्या बापाला काय सांगू मी?"

ती चार पावलं पुढं गेली होती. वळून माझ्याकडं पाहत म्हणाली, "काहून उभे ऱ्हायलात?" आणि मग आईला म्हणाली, "सांग त्याला, हिवाळा लागला."