अण्णांनी घेतलेलं नाव

देवणीजवळच्या आमच्या गावच्या फाट्यावरून एसटी निघाली, तेव्हा पोचवायला आलेल्या साऱ्या बायका रडत होत्या आणि आमची माय हसत होती. टपावर चढवलेलं जातं बघून कंडक्टर म्हणाला, "बाई, दळायला काय हाय?" माय म्हणाली, "काईच न्हाई. म्हणून तर झिजंना गेलंय. लई वर्सं टिकंल." अख्खी बस हसली. फक्त अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. त्यांचे चुलतभाऊ मन्मथकाका खालून म्हणाले, "घरदार सोडून चालल्यात, अन् हिला हसू सुचायलंय."

परवा आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'बिचारे शिवराजअण्णा, दुष्काळानं हमाली करायला लावली.' खाली हात जोडलेले इमोजी. माझं डोकंच फिरलं. म्हणून हे लिहायलेय. गावात राहिलेल्यांनी वाचा, आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही वाचा.

दिवस वाईट होते, नाही कशाला म्हणू? विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता. चारा संपला तेव्हा अण्णांनी देवणी बैलांची जोडी बाजारात दिली आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच आटलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तिथं काम मिळतंय असं सगळे सांगायचे. मिळालं ते आडतीवर पोती उचलायचं. ज्या आडतीवर स्वतःच्या बैलगाडीतून तूर घेऊन ऐटीत जायचे, तिथंच. गावचं कुणी दिसलं की अण्णा पोत्यांच्या थप्पीमागं जायचे. गावाकडं निरोप एवढाच, की आडतीवर कामाला हाय. हमाल हा शब्द घरात कुणी काढायचा नाही.

मायनं मात्र हट्टच धरला, ह्या माणसाला हसवायचंच. पत्र्याच्या खोलीत रोज नवी नक्कल. घरमालकिणीची चाल, नळावरची भांडणं, सायबाचं इंग्रजी. आम्ही लेकरं गडबडा लोळायचो. अण्णा खाली मान घालून भाकरी खायचे. एकदा चुलीपुढं माय मला म्हणाली, "तुझा बाप आतून वाळून चाललाय गं." दुसऱ्या दिवशी परत नक्कल सुरू. हार मानायची तर तिला सवयच नव्हती.

पुढं त्याच खोलीत धाकट्या बहिणीचं बारसं निघालं. गावाहून मन्मथकाका आले. शेजारणींनी मायला नाव घ्यायला लावलं. ती कशाला मागं राहते?

"जिल्हा झाला लातूर, दिवे लागले रस्त्याला,
शिवराजरावांचं नाव घेते, पाणी न्हाई नळाला."

बायका हसून हसून बेजार झाल्या. तेवढ्यात एकीनं दारात उभ्या अण्णांना गाठलं, "आता भावजी, तुमची पाळी." काका समोरच बसलेले. मायसुद्धा हसायची थांबली. मला तर वाटलं, अण्णा आता बाहेर निघून जाणार.

अण्णांनी घसा खाकरला.

"विहीर आटली, बैल गेले, लातुरात झालो हमाल,
तरी बी दात काढून हसती, बघा कमलची कमाल."

हसावं की नाही, कुणाला कळेना. काकांनी मान खाली घातली. मग अण्णाच हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. माय म्हणाली, "आत्ता कसं."

पुढच्या सुगीला काका तूर घेऊन आडतीवर आले, तेव्हा अण्णांनीच लांबून हाक मारली, "मन्मथ, सोड ते पोतं. हमाल मी हाव, तू न्हाई." आणि पोतं पाठीवर घेऊन चालू लागले.

अण्णा आणि माय आता नाहीत. मी लातुरातच फ्लॅटमध्ये राहते. लिफ्ट आहे, गॅलरी आहे, आणि उन्हाळ्यात टँकरही आहेच. गावावर माझी माया आहे, पण कीव नको. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मी ती पत्र्याची खोली सांगते. तिथं माझा बाप परत हसला.